सुचेताबाईंचा सांगावा

सुचेता रणपिसे या बाईंचा धंदा एकाचं बोलणं दुसऱ्याला सांगायचा. आपल्याकडे असल्या माणसाला कुणी चांगलं म्हणत नाही. इंग्लंडात, कॉव्हेंट्रीत मात्र त्याची परीक्षा असते, सर्टिफिकेट असतं आणि गळ्यात घालायला फोटोचं कार्ड मिळतं. इंटरप्रिटर. एजन्सीचा फोन आला की बाई कोट चढवून निघाल्या. आज जीपी डॉक्टरकडे कुणाचा मधुमेह, उद्या कौन्सिलमध्ये कुणाच्या घराची ओल, परवा शाळेत कुणाच्या नातवाची कागाळी. नियम एकच, आणि तो पहिल्या दिवशीच घोटून घेतलेला: समोरचा बोलेल ते सगळं सांगायचं, पदरचं घालायचं नाही, त्यातलं गाळायचं नाही, मऊ करायचं नाही. अकरा वर्षं बाईंनी तो पाळला. एका रागीट आजोबांनी डॉक्टरला हासडलेली शिवीसुद्धा त्यांनी मान खाली घालून नीट इंग्रजीत करून दिली होती.

आणि सप्टेंबरच्या शेवटच्या मंगळवारी याच बाईंनी नियम मोडला. मोडला म्हणजे चांगला मोडला, दोन्ही बाजूंनी.

त्या दिवशीच्या पेशंट होत्या कस्तुरीकाकू वालावलकर. वय अठ्ठ्याहत्तर. मूळच्या देवगडकडच्या. नवरा मोटारींच्या कारखान्यात लागला म्हणून चव्वेचाळीस वर्षांपूर्वी या गावात आल्या, आणि इंग्रजी काही शिकल्या नाहीत. शिकायची वेळच कुणी येऊ दिली नाही म्हणा. बँक नवरा बघायचा, डॉक्टर नवरा बघायचा, दुकानात काय घ्यायचं तेही नवराच सांगायचा. तो गेल्यावर मुलगा बघू लागला. मुलगा अंशुमन, इथेच जन्मलेला, मोडकंतोडकं मराठी बोलणारा, चाळिशीचा, स्वभावानं लोण्यासारखा. त्यानं सुचेताबाईंना हॉस्पिटलात तपासणीच्या खोलीबाहेर गाठलं.

"आँटी, प्लीज. रिपोर्ट मी पाहिला ऑनलाइन. आईला नका सांगू. ती आशा सोडेल. तिची आशा... इट विल किल हर."

बाईंनी तेव्हाच ताठ होऊन सांगायला हवं होतं की बाबा रे, मला असं करता येत नाही. पण त्याचे डोळे भरलेले होते, आणि बाईंची स्वतःची एक जुनी जखम होती. त्यांचा नवरा अजय याच गावात आठ वर्षांपूर्वी गेला. त्याला डॉक्टरनं सगळं तोंडावर सांगितलं, आकड्यांसकट. तो घरी आला, भिंतीकडे तोंड करून झोपला आणि पुन्हा कुणाशी धड बोललाच नाही. तीन आठवड्यांत आटोपलं. बाईंच्या मनानं तेव्हापासून पक्कं धरलं होतं की माझा माणूस आजारानं गेला नाही, सांगण्यानं गेला. त्यांनी अंशुमनला मान डोलावून होकार दिला.

आत डॉक्टरीणबाई पुढे झुकून, काकूंच्या डोळ्यांत बघून बोलल्या. पोटातला कॅन्सर यकृतात पसरला आहे, तो बरा होणार नाही. केमो दिली तर दोन-तीन महिने जास्त मिळतील, पण त्रास होईल. नाही घेतली तरी आम्ही तुम्हाला वाऱ्यावर सोडणार नाही, दुखणं आटोक्यात ठेवू. कुठे जायचं असेल, कुणाला भेटायचं असेल तर आत्ता तब्येत बरी आहे. वर्षं नाहीत, महिने आहेत. आणि शेवटी त्यांनी विचारलं, मिसेस वालावलकर, तुम्हाला काय हवंय?

सुचेताबाई म्हणाल्या, "काकू, पोटात गाठ आहे. औषधानं आटोक्यात येईल म्हणतात. थोडा त्रास होईल. घ्यायचं ना औषध?"

"बरं व्हायचं तर घ्यायलाच हवं," काकू म्हणाल्या.

त्यातलं 'बरं व्हायचं तर' सुचेताबाईंनी गिळलं आणि इंग्रजीत सांगितलं, त्यांना ट्रीटमेंट हवी आहे. डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं. बाहेर आल्यावर अंशुमननं बाईंचे दोन्ही हात धरले. बाईंना घरी येईपर्यंत आपण पुण्य केलं असंच वाटत होतं.

पुण्याचा तो रंग पहिल्या केमोनंतर उडाला. काकूंना उलट्या सुटल्या, तोंडात फोड आले, पेज गिळवेना. दुसऱ्या केमोला केस गेले. प्रत्येक खेपेला सुचेताबाईच असायच्या, कारण काकूच म्हणायच्या, मला त्याच बाई हव्यात, त्यांचं बोलणं समजतं. सुई टोचताना काकू त्यांचाच हात धरायच्या. वर, "होऊ दे त्रास. कडू औषधच गुण देतं," असं सुचेताबाईंनाच समजवायच्या. देवगडला काकूंचा धाकटा भाऊ होता, उल्हास, तोही पंचाहत्तरीचा. दर रविवारी त्याचा फोन यायचा की ताई, एकदा ये. आणि दर रविवारी काकू सांगायच्या, "औषधं संपू देत रे, बरी झाले की येते. मेमध्ये येते, आंब्यांना." हे काकूंनी मोठ्या कौतुकानं सुचेताबाईंना सांगितलं. डॉक्टरीणबाईंच्या हिशेबात मे महिना नव्हताच. काकूंचा मे आणि डॉक्टरीणबाईंचा हिशेब, दोन्ही एकट्या सुचेताबाईंना दिसत होते, आणि त्याच दिवसापासून त्यांच्या जिवाची घालमेल सुरू झाली.

आता या बाईंचं दुसरं अंग सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल की चूक झाली, वाईट वाटलं, त्यात काय एवढं.

सुचेताबाई नगर जिल्ह्यातल्या. तीन पिढ्यांचं ख्रिस्ती घर, वडील मिशनच्या शाळेत मास्तर. कॉव्हेंट्रीतही रविवार कधी चुकला नाही. घराजवळच्या मेथडिस्ट चॅपलमध्ये पंचवीस म्हाताऱ्या गोऱ्या बायका, चार घानाची कुटुंबं आणि सुचेताबाई, एवढीच मंडळी. पाळक, म्हणजे पाद्री, एक आणि चॅपलं पाच, त्यामुळे उपदेश करायला मंडळीतलीच माणसं तयार करतात. त्यांना लोकल प्रीचर म्हणतात. दोन वर्षं शिकायचं, निबंध लिहायचे, आणि मग ट्रायल सर्व्हिस: आपण पुलपिटवर, म्हणजे उपदेशाच्या चौथऱ्यावर, आणि परीक्षक मागच्या बाकावर कागद घेऊन. अजय गेल्यावर बाईंनी हे मनावर घेतलं होतं. शिकायला लागून आता दोन वर्षं झाली. नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी त्यांची शेवटची परीक्षा होती, आणि सोमवारी काकूंची तिसरी केमो.

त्यांना शिकवायला मार्गारेट नावाच्या निवृत्त पाळकबाई होत्या. ऐंशीच्या घरातल्या, चहा पाण्यासारखा करायच्या, पण ग्रीक पक्कं. दर गुरुवारी दुपारी चॅपलच्या मागच्या खोलीत हीटरला पाय लावून शिकवणी चालायची. परीक्षेआधीच्या गुरुवारी मार्गारेटबाईंनी विचारलं, "उपदेश करणं म्हणजे काय, सुचेता?"

सुचेताबाईंनी दोन वर्षं घोकलेलं सांगितलं. समजावणं, बोध करणं, धीर देणं.

"ते सगळं पुढचं," मार्गारेटबाई म्हणाल्या. "बायबलच्या नव्या करारात जिथे उपदेश येतो, तिथे बऱ्याच जागी मुळात केरुस्सो हा शब्द आहे. केरुक्सचं काम करणं. केरुक्स म्हणजे राजाचा माणूस. राजा सांगतो, हा चौकात जाऊन उभा राहतो आणि मोठ्यानं ओरडतो. लढाई जिंकली तर जिंकली, हरली तर हरली. त्याला स्वतःचं मत कुणी विचारत नाही. निरोप आवडला नाही म्हणून बदलायची त्याला मुभा नाही, कारण निरोप त्याचा नसतोच. ज्यानं पाठवला त्याचा असतो, आणि ज्याला पाठवला त्याचा."

सुचेताबाईंनी कप खाली ठेवला आणि कोट पुन्हा अंगावर ओढून घेतला. मार्गारेटबाईंना वाटलं, थंडी आहे. त्यांनी हीटर वाढवला.

"तुमच्या भाषेत असं कुणी होतं का?" त्यांनी विचारलं.

होतं की. सुचेताबाईंच्या घरातच होतं. त्यांचे पणजोबा गावकीची कामं करायचे. दवंडी द्यायची, सरकारी माणसाच्या घोड्यापुढे धावायचं, आणि गावात कुणी मेलं की मयताचा सांगावा घेऊन परगावच्या पाहुण्यांकडे जायचं. अनवाणी, ऊन असो की चिखल. पाहुण्यांच्या दाराबाहेर लांब उभं राहायचं आणि सांगायचं, तुमची अमुक गेली. घरात रडारड व्हायची. याला लांबूनच भाकरी टाकायचे, ती घेऊन हा परत. वडील ही गोष्ट सांगताना कधी अभिमानानं सांगत नसत, संतापानं सांगत. म्हणायचे, ते काम नव्हतं, गळ्यात अडकवलेली गुलामी होती, आणि ती टाकायला आम्हाला दोन पिढ्या लागल्या. सुचेताबाईंनीही ती कधी कुणापुढे काढली नव्हती. पण त्या दिवशी हीटरजवळ बसून त्यांनी मार्गारेटबाईंना ती सगळी सांगितली.

मार्गारेटबाईंनी ती शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाल्या, "म्हणजे त्यांना हा शब्द माझ्यापेक्षा चांगला कळला असता. आणि त्यांना नाही म्हणण्याची सोय नव्हती. आपल्याला आहे. आपण आपल्या पायानं जातो, एवढाच फरक."

तिथून पुढे तीन दिवस सुचेताबाईंच्या पायाला भिंगरी लागली. एक ब्लाउज चारदा इस्त्री केला. शुक्रवारी चुकीच्या बसमध्ये बसून गावाच्या पार दुसऱ्या टोकाला गेल्या आणि परतीच्या बसची वाट बघता बघता अर्ध्या रस्त्यापर्यंत चालतच आल्या. उपदेशासाठी त्यांनी बायबलातली योनाची गोष्ट आधीच निवडून ठेवली होती. देव म्हणतो, निनवेला जा आणि मी सांगतो तेच सांग; आणि हा गडी उलट्या दिशेचं जहाज पकडतो. लिहायला बसलं की वाक्यं भराभर सुचत. इतकी चांगली सुचत की बाईंना स्वतःचीच भीती वाटू लागली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! कागदावर 'निरोप बदलायचा नाही' असं लिहायचं आणि डोळ्यांपुढे काकूंचं टक्कल.

शनिवारी त्या गेल्या काकूंच्या घरापर्यंत. गेटला हात लावला. खिडकीतून काकू दिसत होत्या, खुर्चीत बसून मांडीवरच्या ताटात काहीतरी निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं, ओळखीचं हसल्या, हातानं या म्हणाल्या. सुचेताबाईंनी मनगटावर बोट ठेवून घाई असल्याची खूण केली आणि सरळ पुढे निघून गेल्या. त्यांना कसलीही घाई नव्हती. कोपऱ्यावर जाऊन त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, आणि स्वतःची इतकी लाज त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती.

रविवारी उपदेश झाला. फार चांगला झाला. चुकतमाकत झाला असता तर बरं झालं असतं, निदान बाईंना तोंड लपवायला जागा मिळाली असती. पण आवाज लागला, योना जिवंत झाला, पणजोबांची गोष्टही त्यांनी पुलपिटवरून सांगितली. घानाच्या बायका आमेन म्हणाल्या, गोऱ्या म्हाताऱ्यांनी रुमाल काढले. मागच्या बाकावरच्या परीक्षकांनी चहाच्या वेळीच सांगून टाकलं की लेखी रिपोर्ट नंतर येईल, पण काळजी करू नका, पास. एक परीक्षक म्हणाला, "विश्वासू, सुचेता. हाच शब्द मी लिहिलाय."

बाईंच्या हातात काकडीचं सँडविच होतं. ते त्यांनी बशीत ठेवलं, बशी खिडकीत ठेवली आणि कोणाला काही न सांगता कोट घालायला गेल्या. मार्गारेटबाई मागोमाग बाहेर आल्या.

"कुठे निघालीस? केक कापायचाय."

"मी एक निरोप बदलला होता," सुचेताबाई म्हणाल्या. "तो सांगायला."

मार्गारेटबाईंनी त्यांच्या कोटाची वरची गुंडी तेवढी लावून दिली.

दार अंशुमननं उघडलं. बाईंचा चेहरा बघून त्याला काय ते कळलं असावं. तो दारातच आडवा झाला. "आँटी, आज नको. तिची झोप नीट नाही झाला."

"बाजूला हो, अंशुमन."

"यू प्रॉमिस्ड."

"मला ते कबूल करायचा हक्कच नव्हता. आणि तुला मागायचाही नव्हता," बाई म्हणाल्या, आणि त्याच्या खांद्याशेजारून आत गेल्या.

काकू समोरच्या खोलीत शाल पांघरून बसल्या होत्या. डोक्याला सुती रुमाल. "या, काल पळालात ती," त्या म्हणाल्या. सुचेताबाई बसल्या नाहीत. बसलं की तोंडातून गोड बोलणं सुरू होईल, याची त्यांना खात्री होती. उभ्या उभ्याच त्यांनी सांगितलं. डॉक्टरीणबाई सप्टेंबरात काय म्हणाल्या ते पहिल्या शब्दापासून, मध्ये न थांबता, काकूंच्या तोंडाकडे बघत. बरा होणार नाही. वर्षं नाहीत, महिने. केमोनं दोन-तीन महिने जास्त, पण त्रास. नाही घेतली तरी चालेल. कुठे जायचं असेल तर तब्येत आत्ता बरी आहे. हे 'आत्ता' सप्टेंबरातलं होतं, हेही सांगितलं.

काकूंचा चेहरा हलला नाही. रडल्या नाहीत, भिंतीकडेही वळल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "मला विचारलं होतं त्यांनी? घ्यायचं की नाही, ते?"

"हो. तुम्हाला काय हवंय, असं विचारलं होतं."

"मला."

"तुम्हालाच. तुमच्याकडे बघून."

"चव्वेचाळीस वर्षं झाली या देशात येऊन," काकू म्हणाल्या. "तुला काय हवंय, असं मला कुणी विचारलं नाही. यांनी नाही विचारलं, यानं नाही विचारलं. एका परक्या बाईनं विचारलं, आणि तेवढंच तुम्ही खाऊन टाकलंत."

अजयची हकीकत सुचेताबाईंच्या ओठांवर आली होती, ती त्यांनी मागे ढकलली. ती सांगितली असती तर काकूंनी त्यांनाच धीर दिला असता.

"मी सांगितला होता त्यांना," अंशुमन दारातून म्हणाला. "आई, माझी चूक आहे."

"तू माझा मुलगा. तू घाबरणारच," काकू म्हणाल्या. "ह्यांना तर ह्याचंच शिक्षण आहे."

मग त्यांनी शालीतून हात काढून टेबलावरचं केमोचं कार्ड उचललं. त्यावर दिवसरात्र चालणारा हेल्पलाइनचा नंबर होता. "लावा फोन. मला उद्याचं औषध नको. उल्हासकडे जायचंय. विमानात बसता येत असेल तर बसेन, नसेल येत तर तसं मला सांगू देत, पण मला सांगू देत. आणि आधी तुमचं सांगा. तुम्ही काय केलंत ते. मग माझं."

"सांगते," सुचेताबाई म्हणाल्या. त्या वाक्याबरोबर गळ्यातलं कार्ड जाणार होतं, अकरा वर्षं जाणार होती, कदाचित सकाळी मिळालेला तो पासही. त्यांना ते सगळं ठाऊक होतं. फोन स्पीकरवर ठेवून त्यांनी नंबर लावला.

पलीकडे एक तरुण नर्स होती. सुचेताबाईंनी आपलं नाव सांगितलं, एजन्सीचं नाव, कार्डाचा नंबर. मग इंग्रजीत, सावकाश, की सप्टेंबरातल्या भेटीत मी पेशंटला डॉक्टरांचं बोलणं चुकीचं सांगितलं, जाणूनबुजून, आणि पेशंटचं बोलणं डॉक्टरांना अर्धं सांगितलं. पेशंटनं दिलेली संमती खरी नव्हती. नर्स म्हणाली, हे मला लिहून वर कळवावं लागेल, तुम्हाला कल्पना आहे ना? बाई म्हणाल्या, आहे. मग त्यांनी काकूंचं सगळं सांगितलं. उद्याचं औषध नको. भाऊ. विमान. नर्सनं सांगितलं की उद्याची केमो थांबवते, डॉक्टर स्वतः फोन करतील, आणि दुसरा इंटरप्रिटर देतील. सुचेताबाईंनी तेही काकूंना मराठीत सांगितलं, दुसरा इंटरप्रिटर देतील, यासकट.

फोन बंद झाला. काकू सुचेताबाईंकडे बघत राहिल्या. सात आठवडे ज्या बाईचा हात धरून सुया टोचून घेतल्या, तिच्याकडे त्या नव्या माणसाकडे बघावं तशा बघत होत्या. मग त्यांनी मान वळवली.

"अंशू," त्या म्हणाल्या, "तुला इंग्रजी कळतं. ह्या बोलल्या ते बरोबर होतं का?"

अंशुमननं बाहीनं डोळे पुसले. "हो, आई. सगळा बरोबर सांगितला."

"सगळं?"

"सगळं."

"मग ठीक आहे," काकू म्हणाल्या. "उल्हासला फोन लाव. त्याला माझं मी सांगते."